शिवणीतली माया

जानेवारीत, रात्री अडीचला,
हडर्सफील्डच्या उतारावरल्या घरात
मी खिडकी सताड उघडते.
सुधन्वा दोन रजयांत, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.
म्हणतो, अगं, बर्फ पडतंय.
पडू दे. माझ्यात वणवा लागलाय.

पाळी गेली त्याला सतरा महिने झाले.
चाळीस वर्षं दर महिन्याला येणारी पाहुणी
निरोप न घेता गेली
आणि सामान इथेच टाकून गेली:
कमरेभोवती, पोटावर,
पाठीत, ब्राच्या पट्टीखाली.

नर्स जॅनिसने काट्यावर उभं केलं.
"बारा स्टोन तीन पौंड, लव्ह."
इथे माणसं अजून दगडांत मोजतात.
बारा धोंडे!
मला धोंड्याचा महिना आठवला,
वर्षावर्षांत न मावलेले दिवस साठून
एकदम दारात उभा राहणारा.
तसंच असेल हे. पण जॅनिसला कसं सांगणार?
मी नुसतं "येस" म्हटलं.

भात कमी, डाळ जास्त, चालणं रोज,
आणि वजनं उचला, ती म्हणाली, हाडांसाठी.
मी हसले. केअर होममध्ये एकोणीस वर्षं
दुसऱ्यांची आईबापं उचलतेय की.
"ते त्यांच्यासाठी," जॅनिस म्हणाली, आणि पुढची फाईल उघडली.

घरी तांदूळ तोलले. साठ ग्रॅम.
वाटीत बघितलं तर काकबळी.
पहिल्या आठवड्यात उपास केला:
साबुदाणा, बटाटा, वर मूठभर कूट.
एकादशी अन् दुप्पट खाशी,
काटा दीड पौंड वर.
मग अंडी. मग मोडाची मटकी.
या थंडीत मोड यायला तीन दिवस लागतात,
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांशेजारी.
आधी सुचलं असतं तर
पातेलं पोटावर घेऊन झोपले असते.

मंगळवारी आणि गुरुवारी लेझर सेंटर.
तिथे डोरीन, वय बहात्तर, गिरणीत हात घडलेले.
साठ किलो तिला झेपतात,
"वैजयंती" झेपत नाही. विजी म्हणते.
दांडा एकच, आळीपाळीने उचलायचा.
"युवर टर्न, विजी."
माझी पाळी, मी मनात म्हटलं,
आणि इतक्या दिवसांनी तो शब्द
असा समोर आल्यावर
एकटीच खदखदून हसले.
डोरीन म्हणाली, हसताना उचलू नकोस, पाठ जाईल.

मे महिना. चार पौंड उतरलेत.
फक्त चार. सुधन्वा म्हणतो, छान.
त्याला छान म्हणायला काय जातं?
पण कॅसल हिलच्या चढावर परवा
तो बाकावर बसला, मी वर जाऊन आले.
रात्रीची खिडकी आता अर्धीच उघडी असते.

रेडिंगला भाचीचं लग्न.
ट्रंकेतून ब्लाऊज काढला, जांभळा,
सांगलीच्या महादबा शिंप्याने शिवलेला,
मी इकडे यायला निघाले त्या वर्षी.
हुक आणि काजं यांच्यात चार बोटं अंतर.
तिथेच पलंगावर बसले.
रडले असते. पण शिवण चाचपली
आणि आत जाडसर काही हाताला लागलं.

दुकानात त्याने विचारलं होतं,
माया किती ठेवू?
आई म्हणाली होती,
भरपूर ठेवा. लांब चाललीय.

ब्लेडने एकेक टाका उसवला.
आतलं कापड अजून गडद,
त्याला उजेडच माहीत नव्हता.
दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं सुटलं.
हुक लागले, सगळे.
श्वासही घेता आला, पुरता.

बाही मात्र दंडावर तटतटतेय.
तिथे महादबाने काही ठेवलं नव्हतं,
त्याला तरी काय ठाऊक?
चरबी नाही हो ती.
हात वाकवून आरशात बघते,
सुधन्वाला हाक मारते: ये, दाबून बघ.